मराठीला कसली शिकवणी?

भाकरी थापता थापता ऐकत असाल, गोठ्यात असाल, नाहीतर दिवसभराचं आवरून नुकत्या टेकला असाल. आज कर्जाचं, विम्याचं, शेळीपालनाचं काही सांगणार नाही. आमच्या गटातल्या बायका दहावीला बसल्या आणि त्यांच्यासाठी मराठी शिकवणारं माणूस शोधायला आम्हाला चार महिने लागले, ती हकिगत सांगायची आहे. हो, मराठीच. इंग्रजी नाही, गणित नाही.

सुरुवात झाली एका मार्कशीटपासून. आमच्या गटात एक ताई अंगणवाडीत मदतनीस आहेत. लागल्या तेव्हा सातवी पास चालायचं. आता सेविका व्हायचं तर बारावी लागते, आणि बारावीच्या आधी दहावी. ताईंनी सतरा नंबरचा फॉर्म भरला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शाळा सुटलेल्यांना खाजगीरीत्या बोर्डाच्या परीक्षेला बसता येतं, त्याला सगळे ‘सतरा नंबरचा फॉर्म’ म्हणतात. किमान पाचवी पास पाहिजे, शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे. फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते.

तर ताई बसल्या. गणितासाठी आणि इंग्रजीसाठी तालुक्याला क्लास लावला होता. निकाल लागला. गणितात काठावर पास, इंग्रजीत पास, आणि मराठीत नापास.

तुम्हाला सांगतो, नापास होण्यापेक्षा ‘मराठीत’ नापास होणं त्यांना जास्त लागलं. गणितात गेल्या असत्या तर कोणी काही बोललं नसतं. पण घरी दीर म्हणाले, “वहिनी, जन्मापासून बोलताय ती भाषा, तिच्यातच गेलात?” पाणवठ्यावर तोच विषय. अंगणवाडीत पोरांना बडबडगीतं शिकवणारी बाई पंधरा दिवस खाली मान घालून ये-जा करत होती. “आता परत बसत नाही,” म्हणाल्या.

बैठकीत हे निघालं तेव्हा आमच्यातल्या एका शहाण्या सदस्येनं विचारलं, “पण नेमकं चुकलं काय, ते कुठं बघितलंय?” बोर्डाकडे अर्ज करून, फी भरून, आपल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. आम्ही मागवली, आणि ती आली तेव्हा सगळ्या भोवती बसलो. धडे आणि कवितांवरची उत्तरं ताईंनी पानंच्या पानं लिहिली होती. अक्षर मोत्यासारखं. आणि मग चौथ्या प्रश्नापासून कोरं. भाषाभ्यासात वाक्प्रचार तेवढे केलेले. पाचव्या प्रश्नात एक पत्र, त्यात विषयच लिहिलेला नाही. जाहिरात सुरू करून सोडलेली. निबंध नाहीच.

मग कृतिपत्रिका घेऊन हिशेब मांडला. प्रश्नपत्रिका म्हणू नका बरं, तिथं तिला कृतिपत्रिका म्हणतात. लेखी ८० गुणांचं, वेळ तीन तास. गद्याला १८, पद्याला १६, स्थूलवाचनाला ६. झाले ४०. उरलेले ४० कशाला? भाषाभ्यास, म्हणजे आपल्या बोलण्यातलं व्याकरण, त्याला १६. आणि उपयोजित लेखनाला २४. म्हणजे निम्मा पेपर व्याकरणाचा आणि लिहिण्याचा. ताईंनी अर्धा तासही त्याला ठेवला नव्हता, कारण तो भाग त्यांना कोणी शिकवलाच नव्हता. पुस्तकातले धडे वाचून समजतात. समास आणि पत्रलेखन वाचून येत नाही, ते कुणीतरी शेजारी बसून करून घ्यावं लागतं.

एवढं कळल्यावर गटातल्या आणखी पाचजणी म्हणाल्या, शिकवणारं कोणी मिळत असेल तर आम्हीही बसतो. अशा सहाजणी झाल्या. आता शिकवणारं माणूस शोधा.

पहिलं बोट आमच्याकडेच. “तुम्ही बी.ए. ना? मग तुम्हीच शिकवा की.” आम्हालाही वाटलं, त्यात काय. दोन संध्याकाळी शिकवलं. दुसऱ्या संध्याकाळी एकीनं विचारलं, “‘दूध’ मधला ‘दू’ मोठा, मग ‘दुधाचा’ मधला ‘दु’ छोटा का?” आम्ही म्हणालो, “तसंच लिहितात.” ती म्हणाली, “का पण?” आणि आम्हाला सांगता येईना. बरोबर लिहिता येणं वेगळं आणि का बरोबर ते सांगता येणं वेगळं. आम्ही हात जोडले.

तालुक्याच्या एका क्लासमध्ये गेलो. सर म्हणाले, “मराठीला कसली शिकवणी? इंग्रजी-गणित-विज्ञानाचं पॅकेज आहे, त्यात मराठीच्या नोट्स फुकट देतो.” नोट्स म्हणजे काय, तर तयार निबंध. ‘मी पृथ्वी बोलतेय’, ‘मी पुस्तक बोलतोय’, पाठ करा आणि उतरवा. विषय फिरला की बाई अडकली. आणि सहाजणींनी रोज एस.टी.नं जायचं, यायचं, दुपारचं दूध कोण काढणार? ते सोडून दिलं.

दुसऱ्या एक मॅडम शेजारच्या गावात घरी शिकवण्या घ्यायच्या. त्यांच्याकडे तीन आठवडे काढले. शिकवायच्या चांगलं, खोटं कशाला बोला. पण पहिल्याच दिवशी एका सदस्येच्या वहीवर लाल रेघ मारून म्हणाल्या, “तुमचं मराठीच अशुद्ध आहे हो.” तिनं लिहिलं होतं, ‘म्या बाजारला गेली व्हती.’ ती बाई दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आम्ही घरी गेलो तर म्हणाली, “माझी आई अशीच बोलायची. ती अशुद्ध होती का?” यावर आम्ही काय बोलणार? परत त्या मॅडमकडे गेलो नाही. कोणी म्हणेल, एवढ्याशा शब्दावरून शिकवणी सोडली. सोडली खरी. पस्तीस-चाळीस वर्षांची बाई घरच्यांचं ऐकून घेऊन, कामं उरकून वही उघडते, तेव्हा तिच्या तोंडच्या भाषेला नावं ठेवणारं माणूस तिला चालत नाही, मग ते कितीही शिकलेलं असो.

मग आम्ही निवृत्त गुरुजींकडे गेलो. आमच्यातल्या निम्म्याजणींना त्यांनीच अंकलिपी शिकवलेली. आधी नाही म्हणाले, डोळ्यांचं कारण सांगितलं. मग म्हणाले, बसा. गुरुजींना शुद्धलेखनाचे नियम मुखोद्गत. १९६२ साली १४ नियम झाले आणि १९७२ साली आणखी ४, असे एकूण १८, हे त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं. ‘दूध-दुधाचा’चं कोडंही त्यांनीच सोडवलं. मराठी शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीची वेलांटी, उकार दीर्घ. दूध, सून, वीट, बहीण, गरीब. आणि त्याला प्रत्यय लागला की तीच वेलांटी ऱ्हस्व होते. दुधाचा, सुनेला, विटेवर, बहिणीला, गरिबाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र हे ऐकत नाहीत. ‘गुण’ मधला ‘गु’ पहिलाच, आणि ‘शरीर’चं ‘शरीराला’ झालं तरी ‘री’ दुसरीच. (हा नियम कळल्यापासून आमच्या बायका गावातले फलक वाचत फिरतात. ‘लाडकी बहिण’ असं दिसलं की थांबतात. एकीनं तर रंगवणाऱ्याला हटकलं.)

पण गुरुजींची अडचण वेगळीच निघाली. ते जुन्या पद्धतीचं पत्र शिकवायला लागले. उजवीकडे वर पत्ता, ‘स.न.वि.वि.’, लिफाफ्याचा चौकोन. आता पत्राचा नमुना बदललाय. तारीख, प्रति, विषय, मजकूर, खाली नाव-पत्ता आणि ई-मेल, सगळं डावीकडून. आम्ही भीतभीत नवी कृतिपत्रिका दाखवली. गुरुजींनी चष्मा चढवून ती पाच मिनिटं वाचली आणि म्हणाले, “बायांनो, हे मी शिकवलेलं नाही. चुकीचं शिकवण्यापेक्षा दुसरं कोणी बघा. शुद्धलेखनाला मी आहे.” किती शिक्षक असं म्हणतील?

शेवटी माणूस सापडलं ते आमच्या वस्तीवरच. चार घरं सोडून एक सून आलेली, एम.ए. मराठी, बी.एड. शिक्षक भरतीची वाट बघत घरी बसलेली. तीन वर्षं ती इथं आहे आणि आम्हाला माहीत नाही! तिच्या सासूबाई गटात नाहीत, म्हणून तिकडं कधी पाय वळला नव्हता. याची आम्हाला लाजच वाटली. सासूबाईंनी अट घातली, “सून कुठं जाणार नाही, वर्ग आमच्या ओसरीवर.” आम्ही म्हणालो, हरकत नाही.

मागचा अनुभव होता म्हणून या वेळी हो म्हणायच्या आधी आम्ही तिची परीक्षा घेतली. तुम्हीही कुणाला शिकवणी लावणार असाल, तुमच्या मुलीला असेना का, तर एवढं करा. फी विचारायच्या आधी एक लिहिलेलं पान तिच्या हातात द्या आणि बघत बसा. आम्ही बाजाराला गेलेल्या त्याच बाईचं पान दिलं. तिनं लाल पेन घेतलं नाही. पान पुरतं वाचलं, आणि पहिलं काय म्हणाली, तर “बाजाराचं वर्णन डोळ्यांसमोर उभं राहतं हो.” मग वहीचं पान मधोमध दुमडलं. एका बाजूला लिहिलं ‘बोलताना’, दुसऱ्या बाजूला ‘लिहिताना’. म्या गेली व्हती, मी गेले होते. पानी, पाणी. कोन, कोण. म्हणाली, “घरची साडी आणि लग्नातली साडी, दोन्ही आपल्याच. परीक्षेला लग्नातली नेसायची.” ती बाई दुसऱ्या दिवसापासून परत येऊ लागली.

दुसरं आम्ही विचारलं, “गेल्या वर्षीची कृतिपत्रिका बघितली आहे का?” ती म्हणाली, “नाही, उद्या बघून सांगते.” आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी ती सोडवून घेऊन आली. ‘सगळं येतं’ म्हणणाऱ्यापेक्षा हे बरं.

आता पैशाचं. दर महिना प्रत्येकी ३०० रुपये ठरले. दोघींकडे नव्हते. गटातून अंतर्गत कर्ज द्यायचं का, यावर बैठकीत चांगलीच जुंपली. एक गट म्हणाला, शेळीला कर्ज दिलं तर शेळी दिसते, शिकवणी दिसते का? फेडणार कशातून? दुसऱ्या म्हणाल्या, पोराच्या शाळेच्या फीला देतो ना, मग आईच्या का नाही? दोन बैठका गेल्या. शेवटी नेहमीच्याच व्याजानं, नेहमीच्याच हप्त्यानं द्यायचं ठरलं, सवलत नाही. नाराज झालेल्या अजूनही थोड्या नाराज आहेत, हे सांगायला पाहिजे.

वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी, रात्री साडेआठ ते दहा. मॅडमनी, आता आम्ही तिला मॅडमच म्हणतो, पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. गटाचं इतिवृत्ताचं रजिस्टर मागितलं. त्यातून शब्द काढून दाखवले. गैरहजर, ‘गैर’ हा उपसर्ग. बिनव्याजी, ‘बिन’ हा उपसर्ग. कर्जदार, जामीनदार, थकबाकीदार, ‘दार’ हा प्रत्यय. नफातोटा म्हणजे नफा किंवा तोटा, वैकल्पिक द्वंद्व. चहापाणी म्हणजे चहा, पाणी वगैरे, समाहार द्वंद्व. आईवडील म्हणजे आई आणि वडील, इतरेतर द्वंद्व. “आणि, किंवा, वगैरे, यातलं काय बसतं ते म्हणून बघा,” एवढीच किल्ली. अभ्यस्त शब्दांच्या दिवशी तर हसून पुरेवाट. हळूहळू, किरकिर, शेजारीपाजारी, किडूकमिडूक. सासूबाई आत भाकरी करत होत्या, तिथूनच एकेक शब्द फेकायला लागल्या. पुढच्या आठवड्यापासून त्या ओसरीवर येऊनच बसल्या.

वाक्प्रचार आम्हाला येतात, त्यात काय शिकायचं, असं वाटलं होतं. तिथंही खोच होती. अर्थ सांगायचा आणि वाक्यात उपयोग करायचा. आमच्या बायका वाक्यात वाक्प्रचाराऐवजी अर्थच लिहायच्या. ‘कानाडोळा करणे’ला लिहायच्या, ‘त्याने दुर्लक्ष केले.’ गुण गेले. वाक्यात कानाडोळा दिसला पाहिजे. मग एकीनं वाक्य केलं, ‘गटाच्या अध्यक्षांनी माझ्या कर्जाच्या अर्जाकडे कानाडोळा केला.’ अध्यक्ष समोरच बसलेल्या. व्याकरण बरोबर होतं, त्यामुळे कुणाला काही बोलता येईना. तिचा अर्ज पुढच्या बैठकीत घेतला.

लेखनाला खरा वेळ गेला. पाचव्या प्रश्नात पत्र किंवा सारांश, ६ गुण. मग जाहिरात, बातमी, कथा यातल्या कुठल्याही दोन, प्रत्येकी ५. आणि प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक यातलं एक, ८ गुण. मॅडम म्हणाल्या, जाहिरात आणि बातमी पक्की करा. जाहिरात तर आमची रोजचीच. शेंगदाण्याची चटणी, शेवया, कुरडया. पण पहिल्या जाहिरातींत एकीनंही संपर्काचा पत्ता लिहिला नाही! “मग गिऱ्हाईक येणार कुठं?” मॅडमनी विचारलं. रंगीत चित्रं काढत वेळ घालवू नका, गुण शब्दांना आहेत, हेही तेव्हाच कळलं. बातमीला मथळा, ठिकाण आणि तारीख, घडून गेलेली गोष्ट, आणि त्यात ‘मी’ कुठं नको. बातमी लिहिताना ‘मी’ काढणं सगळ्यांना जड गेलं.

मागणीपत्राच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, खोटं पत्र नको, खरं लिहा. वस्तीवरचा हातपंप बंद होता. सहाजणींनी ग्रामपंचायतीला सहा पत्रं लिहिली. विषय एका ओळीत, मागणी नेमकी, विनंतीची भाषा. त्यातलं सगळ्यात चांगलं निवडून, सह्या करून, खरोखर देऊन पोच घेतली. हातपंप अजून बंदच आहे. पण पत्र बिनचूक होतं, ग्रामसेवक भाऊसाहेबांनी स्वतः सांगितलं.

आणि वेळ. ताईंचा पहिला घोटाळा वेळेचा होता. गुरुजींनी ते काम घेतलं. रविवारी दुपारी घड्याळ लावून तीन तास पेपर. प्रश्नाचा क्रमांक नीट घातला तर शेवटचा प्रश्न आधी सोडवला तरी चालतं. ताई आता भाषाभ्यास आणि लेखन आधी उरकतात, मग धडे. पहिल्या रविवारी एकीला दोन तासांतच मान दुखायला लागली. इतकी वर्षं हातात पेन फक्त सहीपुरतं. हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मग रोज एक पान उतरवून काढायचं ठरलं, नुसतं हाताला सवय म्हणून.

सहापैकी एक ऊसतोडीला गेली. ती जाताना वही घेऊन गेली, पण फडावर अभ्यास होत नाही, हे आम्हालाही कळतं आणि तिलाही. एकीच्या नवऱ्यानं बंद केलं. आम्ही दोनदा बोलायला गेलो, दुसऱ्यांदा त्यानं दार उघडलं नाही. उरलेल्या चौघींपैकी ताई जुलैच्या पुरवणी परीक्षेला फक्त मराठीला बसल्या. बाकीच्या तिघी येत्या मार्चला सगळ्या विषयांना बसणार आहेत.

ताईंचा निकाल लागला त्या दिवशी रेंज नव्हती. मॅडमचा नवरा गाडीवर वरच्या माळावर गेला आणि फोनवर बघून आला. मराठीत ५४. दिरानं पेढे आणले. ताईंनी एक पेढा उचलला आणि त्यांना म्हणाल्या, “भावोजी, ‘कानाडोळा’चं वाक्य करून दाखवा आता.” बारावीचा सतरा नंबर पुढे आहेच, सेविका व्हायला अजून वेळ आहे.

मॅडमना पहिल्या महिन्याचे अठराशे रुपये दिले तेव्हा त्या पाकीट हातात धरून बसूनच राहिल्या. एवढं शिकून ही त्यांची पहिली कमाई. सासूबाई म्हणाल्या, “मोजून घे गं.”

नवा वर्ग दिवाळीनंतर सुरू होतोय, त्याच ओसरीवर. सतरा नंबरच्या फॉर्मच्या तारखा बोर्ड दर वर्षी जाहीर करतं, तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच शोधून ठेवा. हरवला असेल तर जुन्या शाळेत जाऊन दुसरी प्रत मागा, त्याला वेळ लागतो. ज्यांना यायचंय त्यांनी आपल्या गटाच्या सचिवांकडे नाव द्यावं. येताना दोनशे पानी वही आणा, आणि बॅटरी. साडेआठला आमच्याकडची लाइट जाते.